वीस मिनिटं डोळे मिटा

मावशीचा उजवा डोळा गुरुवारी दुपारी गेला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला. मावशीचे दोन्ही डोळे जागच्या जागी आहेत, जाड भिंगांमागे ते चांगले बशीएवढे दिसत आहेत, आणि ती शिलाई मशीनवर वाकून सुईच्या सात पिढ्यांचा उद्धार करते आहे, कारण सुई दोरा घेत नाही. आज सोमवार आहे. गुरुवारपर्यंत तीन दिवस आहेत. तीन दिवसांत काय वाटेल ते टळू शकतं.

सोमवारी सकाळी कापडाच्या बंद पडलेल्या गोदामासमोर ही मोठी रांग होती. रांग दारातून निघून चाव्या बनवणाऱ्याच्या टपरीला वळसा घालून परत दाराशीच आली होती, त्यामुळे शेवटच्या माणसाला बराच वेळ आपण पहिले आहोत असं वाटत होतं. आतून तासातासाला एक तुकडी बाहेर पडायची. बाहेर पडणारे सगळे भर उन्हात डोळ्यांवर हात धरून, दुसऱ्याच्या खांद्याला पकडून, रडत आणि हसत. एकाने डोक्यावर बादली पालथी घातली होती.

"दिसलं! तेज दिसलं!"

"मला बायकोभोवती तेज दिसलं हो!"

"मला मात्र हे होते तसेच दिसले," बायको म्हणाली. "पण दिव्याभोवती दिसलं. दिव्याभोवती नक्की होतं."

त्या सगळ्यांचे डोळे काळे झाले होते. बुबुळाचा रंग म्हणून उरलाच नव्हता, नुसती काळी गोल बाहुली, काठापर्यंत आलेली. शंभर-सव्वाशे माणसं तशा डोळ्यांनी आपल्याकडे बघायला लागली की आपण काय गुन्हा केलाय ते आठवायला लागतो.

रस्त्याच्या पलीकडून एक मुलगी हे बघत उभी होती. तिला सगळे थेंबवाली म्हणत. डॉक्टरबाईंच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ती पेशंटच्या डोळ्यांत थेंब घालायची. दिवसाला तीस-पस्तीस जोड्या. थेंब घालायचा, ज्या डोळ्यात घातला त्या भुवईवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, आणि म्हणायचं, "वीस मिनिटं डोळे मिटा." मग दुसरा थेंब. मग पुन्हा वीस मिनिटं. आयुष्यात ती एवढं एकच वाक्य इतक्या वेळा बोलली होती की एकदा लग्नाचं बघायला आलेल्या मुलालाही तिने तेच सांगितलं. त्याने मिटले. ती घरी निघून गेली.

तर तिला रस्त्यापलीकडून एवढंच दिसलं की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या दोन्ही भुवयांवर पांढऱ्या पट्टीचा तुकडा आहे.

"ते काय लावलंय हो?" तिने बादलीवाल्याला विचारलं.

"कृपाचिन्ह," बादलीतून आवाज आला.

त्या दिवशी संध्याकाळी तिने मावशीला बजावलं. मावशी म्हणजे तिच्या आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं, ते या एका मशीनवर, लोकांचे परकर, पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून. मावशीचे डोळे हे घरातलं एकमेव भांडवल, आणि वर्षभरापासून ते सुईच्या नाकाशी भांडत होते.

"मावशी, त्या गोदामातल्या बाबांकडे जायचं नाही हं."

"का? सगळी गल्ली जाऊन आली. सलूनमधला कटिंगवाला म्हणाला, त्याला माझ्याभोवती कडं दिसलं. माझ्याभोवती! तीस वर्षांत माझ्याभोवती मापाच्या टेपशिवाय कोणाला काही दिसलं नव्हतं."

"तुला थेंब चालत नाहीत. दवाखान्यातल्या तुझ्या कार्डावर लाल शाईने लिहिलंय."

"कार्डावर औषधाचे थेंब लिहिलेत. हे औषध कुठे आहे? हे तेज आहे."

"तेज बाटलीतून येतं?"

"कुठून यायचं ते त्याने तुला विचारायचं का? तू कोण, तेजाची मुकादम?" मावशीने दोऱ्याचं टोक कात्रीने तिरकं कापलं. "बरं, का चालत नाहीत ते तरी सांग. मी ऐकते."

थेंबवालीने तोंड उघडलं. त्या दिवशी अडतीस पेशंट झाले होते. पाय दुखत होते. शिवाय खरं कारण तिलाही धड माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणणं पगारी माणसाला जड जातं.

"बाई सांगतात म्हणून," ती म्हणाली.

"मग मी बाबा सांगतात म्हणून जाते," मावशी म्हणाली आणि दोरा ओठांत ओला करायला घेतला.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत थेंबवाली गोदामात गेली. आत गार अंधार होता, जुन्या कापडाचा कुबट वास होता आणि बाकांच्या रांगा होत्या. दाराशी एका पेटीत लोक आपापले चष्मे टाकत होते. समोर उंचावर तेजोबाबा बसले होते. त्यांच्या पाठीशी लग्नमंडपात लावतात तसे चार झगझगीत दिवे, तोंडं लोकांकडे. साध्या डोळ्यांनीही त्यांच्याकडे बघवत नव्हतं. बाबांचा चेहरा त्यामुळे कोणालाच नीट दिसला नव्हता, आणि यालाच लोक तेजःपुंज म्हणत होते.

"विस्तार!" बाबा म्हणाले. "आत्म्याला दोन खिडक्या आहेत. तुम्ही त्या जन्मभर किलकिल्या ठेवल्यात. का ठेवल्यात?"

लोकांना अपराधी वाटलं. एका म्हाताऱ्याने माफीही मागितली.

"मी त्या सताड उघडतो. पण नियम आहेत. एकट्याने येऊ नका, तेज एकट्याला पेलत नाही, नेणारा सोबत हवा. बिंदू पडल्यावर वीस मिनिटं डोळे मिटा, उघडलेत तर कृपा वाहून जाते. दर्शनानंतर अक्षर दिसणार नाही. जिथे तेज आहे तिथे अक्षर टिकत नाही! आणि ज्याला नेणारा भेटला, त्याने गाडी चालवू नये."

शेवटच्या नियमावर बायकांनी डोळे पुसले.

मग बाबा खाली उतरले आणि बाकांमधून फिरू लागले. थेंबवाली खांबाआडून त्यांचा हात बघत होती. डाव्या हाताच्या अंगठ्याने खालची पापणी अलगद ओढायची, बाटलीचं टोक पापणीला लागू न देता थेंब सोडायचा, नाकाच्या कडेला बोटाने क्षणभर दाबायचं, पट्टी लावायची, पुढे. एकही थेंब गालावर सांडला नाही. तो देवाचा हात नव्हता, तो धंद्यातला हात होता. तिच्यापेक्षा चांगला.

दवाखान्यात परतून तिने डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. बाई साठीच्या, फटकळ, डबा खात होत्या. ती नियमांपर्यंत आल्यावर त्यांनी घास खाली ठेवला आणि पुढचं स्वतःच म्हणून दाखवलं.

"सोबत एक जण आणावा. डोळे मिटून बसावे. काही तास वाचता येणार नाही. वाहन चालवू नये. अगं, हा माझा बोर्ड आहे. बाहेर भिंतीवर टांगलाय तो. कुंचला घेऊन मीच रंगवलाय."

"म्हणजे बाबा..."

"तुझ्या आधी चार वर्षं माझ्याकडे थेंब घालायला होता. काय हात होता त्याचा! एके दिवशी आलाच नाही, आणि कपाटातल्या बारा बाटल्याही आल्या नाहीत."

"पण बाई, लोक म्हणतात विस्तार होतो. काहीतरी मोठं तर होतंच ना? मी रोज बघते."

"भोक मोठं होतं," बाई म्हणाल्या. "आपण कार्डावर विस्फारण लिहितो ना, ते तेच. लोखंड तापलं की फुगतं, त्याला प्रसरण म्हणतात, तिथे लोखंडच जास्त जागा घेतं. विस्फारणात तसं काही वाढत नाही. मधली पोकळी रुंदावते. रक्तवाहिनी, आतडं, हृदयाचा कप्पा, कशालाही लागतो हा शब्द, आणि बहुतेक वेळा ती चांगली बातमी नसते. एखाद्याचं हृदय विस्फारलंय असं मी लिहिलं तर तो मोठ्या मनाचा आहे असं घरच्यांनी समजू नये. बाहुली म्हणजे बुबुळातलं भोक. थेंबाने ते भोक पसरतं, नको तेवढा उजेड आत शिरतो, दिव्यांभोवती कडी दिसतात. जवळचं बघायचा स्नायूही त्याच थेंबाने ढिला पडतो, म्हणून अक्षरं पुसट. भोक मोठं होतं, माणूस नाही."

"मग माझ्या मावशीलाच का चालत नाही?"

बाईंनी टॉर्च काढला आणि थेंबवालीच्या डोळ्याच्या कडेने आडवा धरला. "तुझं बुबुळ सपाट आहे, उजेड पार पलीकडे पोचतो. मावशीचं पुढे फुगलेलं आहे, पलीकडे सावली पडते. डोळ्यात पाणी तयार होतं आणि बुबुळाच्या कडेच्या कोपऱ्यातून निघून जातं. तिचा कोपरा आधीच अरुंद. आता तू खिडकीचा पडदा बाजूला सरकवलास की कापड कुठे जातं?"

"कडेला. चुण्या पडतात."

"बाहुली विस्फारली की बुबुळाच्या चुण्या कडेला जमतात. अरुंद कोपरा असला की मोरी तुंबते. पाणी आत, वाट बंद, डोळा दगड होतो. एका दिवसात नजर जाते. लेझरने बारीक छिद्र पाडून घे म्हटलं तर मला म्हणाली, मी रोज काजं पाडते, बिघडलेलं काज काय असतं ते मला शिकवू नका."

थेंबवालीने टॉर्चकडे बघितलं. "बाई, बाबा टॉर्च मारत नाहीत."

"नाही मारणार. टॉर्च मीच मारायचे, तो थेंब घालायला यायच्या आधी. टॉर्च कशासाठी ते त्याने कधी विचारलं नाही." बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मीही कधी सांगितलं नाही."

बाईंनी चौकीवर तक्रार दिली. तिथल्या अंमलदाराने कागद आधी लांब धरला, मग जवळ धरला, मग परत दिला. तो त्याच दिवशी सकाळी दर्शन घेऊन आला होता.

तसं तर अर्धं गाव आता असंच झालं होतं. कटिंगवाल्याने एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडवली आणि उरलेली अर्धी त्याला सापडेना. शाळेतल्या बाईंना पेपर वाचता येईनात, त्यांनी सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी दिले. हे हसण्यावारी गेलं. मग औषधवाल्याने एका बाळासाठी खोकल्याच्या बाटलीऐवजी जखम धुवायची बाटली दिली. बाळाच्या आजीने बूच काढल्यावर वास घेतला, म्हणून ते बाळ आज रांगतं आहे. त्यानंतर कोणी हसलं नाही. रांग मात्र तेवढीच राहिली.

मंगळवारी रात्री मावशी रुसून बसली होती. दार लोटलेलं, आत मशीन चालू. थेंबवालीकडे आता चुण्यांचं कारण होतं, चांगलं घडी घातलेलं, खिशात. पण दार ढकलायचं म्हणजे आधी कालचं भांडण ढकलावं लागणार. उद्या सांगू, तिने ठरवलं.

बुधवारी सकाळी ती उठली तेव्हा मशीनवर झाकण होतं आणि झाकणावर चिठ्ठी होती. "थोरलीकडे पडदे शिवायला जाते. उद्या येते. भात झाकून ठेवलाय." थोरली म्हणजे मावशीची नणंद, पुलापलीकडे राहायची. थेंबवालीला हायसं वाटलं. दोन दिवस मावशी गोदामापासून लांब राहील. या विचारासाठी तिने स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही.

गुरुवारी दुपारी ती गोदामात उभी राहिली. येण्याआधी बाईंनी तिचे डोळे पुन्हा टॉर्चने तपासले आणि मगच एक बाटली तिच्या हातावर ठेवली.

"थांबा!" ती बाकावर चढून ओरडली. आपला आवाज एवढा मोठा आहे हे तिला पहिल्यांदाच कळलं. "मी दवाखान्यातली थेंबवाली. ही आमच्या कपाटातली बाटली. हिची कोणी आरती केलेली नाही, मंत्र म्हटलेला नाही. आता मी ही फक्त डाव्या डोळ्यात घालते. वीस मिनिटांनी देव माझ्या डाव्या डोळ्यात येईल, उजव्यात येणार नाही. उजव्यातही आला तर मी उद्यापासून बाबांच्या पायाशी बसेन."

"अश्रद्धा!" बाबा दिव्यांमधून गरजले. "खिडकी एक उघडत नसते!"

"उघडते की. आमच्याकडे पट्टी त्यासाठीच लावतात, कुठली उघडली ते कळावं म्हणून."

कोणीतरी हसलं. कटिंगवाला पुढे आला, घड्याळ हातात घेऊन. घड्याळ त्याला दिसत नव्हतं, ते शेजारच्याने वाचलं. वीस मिनिटं सगळं गोदाम एका मुलीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत बसलं. मग दुसरा थेंब. पुन्हा वीस. त्या शांततेत आतल्या पडद्यामागून कोणीतरी कण्हल्यासारखा आवाज एकदा आला. बाबा घाईने म्हणाले, "तिकडे लक्ष देऊ नका. तो पीडा-कक्ष. जुना अंधार बाहेर पडतोय."

चाळीस मिनिटांनी तिने डोळे उघडले. डावा डोळा काठोकाठ काळा. उजवा नेहमीचा, चहाच्या रंगाचा.

"डाव्याने बघते," ती उजवा झाकून म्हणाली. "बाबा तेजस्वी आहेत. कडं आहे, किरण आहेत, सगळं आहे. पेपर द्या. अक्षर नाही. आता उजव्याने." तिने हात बदलला. "बाबांमागे लग्नमंडपातले चार दिवे आहेत. पेपरात आजचा बाजारभाव आहे. काका, हा टॉर्च धरा, दोन्ही डोळ्यांवर मारा."

कटिंगवाल्याने मारला. उजवी बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी झाली. डावी ढिम्म हलली नाही.

"आता दिवे विझवा," ती टॉर्च परत घेऊन म्हणाली, आणि कोणीतरी खरंच विझवले. बाबांमागचं तेज गेलं. खुर्चीत एक मध्यमवयीन माणूस उरला, शर्टाच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ असलेला.

"अरे, हा तर डॉक्टरबाईंचा कंपाउंडर!" मागून कोणीतरी ओरडलं. "माझ्या सासऱ्यांना यानेच थेंब घातले होते!"

मग हशा उसळला. लोक पेटीतले चष्मे घ्यायला धावले, एकमेकांचे चष्मे लावून एकमेकांना धडकले. थेंबवाली बाकावर उभी होती, जिंकलेली. आणि त्या हशाच्या मध्येच पडद्यामागून पुन्हा आवाज आला. या वेळी उलटीचा.

तिने पडदा ओढला. कापड सरकून कडेला जमलं.

आत एका सतरंजीवर मावशी भिंतीला टेकून बसली होती, मांडीत बादली घेऊन. दोन्ही भुवयांवर पट्ट्या होत्या, सरळ लावलेल्या.

"मावशी! तू थोरलीकडे..."

"काल निघाले होते गं. वाटेत इथे वळले. म्हटलं, नजर स्वच्छ झाली तर पडद्यांची टीप तरी सरळ येईल." मावशी डोळे न उघडता बोलत होती. "डोकं फुटतंय. काल संध्याकाळी दिव्याभोवती इंद्रधनुष्य दिसलं. किती सुंदर म्हणून सांगू! बाबा म्हणाले, पीडा सोस, तेज फार उतरलंय. आता उजवीकडे काहीच दिसत नाही. ते तेजच आहे का गं?"

थेंबवालीने मिटल्या पापणीवर बोट ठेवलं. पापणीखाली डोळा नव्हता, गोटी होती.

बाबा तिच्या मागे येऊन उभे होते. त्यांचा आवाज आता उंचावरून येत नव्हता. "थेंब मी बरोबर घातले," ते म्हणाले. "एकही सांडला नाही. चार वर्षं बाईंच्या पेशंटना घातले, कोणाला काही झालं नाही. हिलाच का?"

थेंबवालीने त्यांच्या छातीवर टॉर्च आदळला आणि मावशीला उचललं.

डॉक्टरबाईंनी डावा डोळा वाचवला. दाब उतरवला, लेझरने ते काज पाडलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. उजव्याला उशीर झाला होता. तीस तास. त्या बाहुलीचा स्नायू मेला, आणि ती अर्धवट विस्फारलेली तशीच राहिली. टॉर्च मारा, ऊन पाडा, ती तेवढीच. आता पहिलं वाक्य तुम्ही पुन्हा वाचू शकता.

दवाखान्यात बाईंनी मावशीला सगळं समजावून सांगितलं, कोपरा, मोरी, पडदा. मावशीने एका डोळ्याने भाचीकडे बघितलं.

"चुण्या?" ती म्हणाली. "एवढंच होतं? अगं, मी जन्मभर चुण्या घातल्या. मला चुण्या सांगायला तुला कितीसा वेळ लागला असता?"

थेंबवालीने बाईंकडे बघितलं. बाई खिडकीकडे बघत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या भिंतीवरचा बोर्ड बदलला. आता त्यावर असं आहे: तुमच्या डोळ्यात कोणीही काहीही घालणार असेल, डॉक्टर, बाबा किंवा थेंबवाली, तर आधी विचारा, हे काय आहे, कशासाठी आहे, मला चालेल का. उत्तर मिळालं नाही, किंवा अमुक सांगतात म्हणून असं मिळालं, तर डोळे मिटू नका. उठा आणि घरी जा. कळलं नाही तर पुन्हा विचारा. आम्हाला कंटाळा आला तरी विचारा.

गोदामाला कुलूप लागलं. गेल्या आठवड्यात मावशीने एक अर्ज सांगितला आणि थेंबवालीने तो लिहून घेतला. मावशीने डाव्या डोळ्याने वाचून त्यातल्या दोन चुका काढल्या आणि मगच अंगठ्याच्या ठशाशेजारी सही केली, दोन्ही असलेले बरे म्हणून. तो कुलपाखालच्या फटीतून आत सरकवला आहे.

प्रति,
मा. व्यवस्थापक,
तेजदर्शन केंद्र (सध्या बंद).

विषय: उजव्या डोळ्याची बाहुली पूर्ववत लहान करून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या केंद्रात अर्जदाराची बाहुली बुधवारी विस्फारण्यात आली असून ती आजतागायत उघडीच आहे. तीमधून कोणतेही तेज आत येत नाही. अर्जदाराचा व्यवसाय शिवणकामाचा असून तिला सदर बाहुलीची गरज आहे. तरी ती मिटवून, नजरेसह, सात दिवसांच्या आत घरपोच करण्यात यावी. घरी कोणी नसल्यास शेजारी द्यावी, ही नम्र विनंती.